चौकटीखालचा भुसा

पहिल्यांदा भुसा दिसला तो माझ्या मुलीला. गेल्या वर्षीची होळी झाली होती, रंगपंचमी व्हायची होती. सोप्यातनं माजघरात जाताना आमच्याकडं जी मोठी चौकट लागते, तिच्या डाव्या पायाशी चिमूटभर भुसा पडला होता. "बाबा, इथं कुणीतरी पेन्सिलीला टोक केलंय." मी म्हटलं, तूच केलं असशील, उचल. तिनं मुकाट्यानं उचलला. दुसऱ्या दिवशी तिथंच, तेवढाच. तिसऱ्या दिवशी जरा जास्त. मग तो बायकोच्या केरसुणीच्या वाट्याला गेला आणि तीन आठवडे आमच्या घरात हा विषय एवढाच राहिला, की चौकटीला सारखं कोण घासतंय.

एका रविवारी मी तो भुसा कागदावर घेऊन परड्यात उन्हाला नेला. मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी आणलेलं भिंग घरात होतं. वाळवी असेल तर माती सापडते, एवढं ऐकून माहीत होतं. यात माती नव्हती. लाकडाची बारीक, लांबट, कोरडी तुसं होती. तुसांमध्ये एक काळा पाय, गुडघ्यात मोडलेला. एक अर्धं डोकं. झुरळाच्या तंगडीची काटेरी नळी. आणि कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी एक फाटकी, पिवळट पिशवी, तिच्यातनं कुणीतरी बाहेर पडून गेलेलं. हा नुसता भुसा नव्हता, कुणाच्या तरी घरचा केर होता. ते लोक रोज घर झाडून आमच्या दारात टाकत होते आणि आम्ही तो आमच्या केरात भरत होतो.

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी स्टीलचं फुलपात्र चौकटीला उपडं लावलं आणि त्याच्या बुडाला कान टेकवला. काही नाही. मग बोटाच्या पेरानं लाकडावर दोनदा टकटक केली. आतनं उत्तर आलं. बिस्किटाच्या पुड्याचा कागद दुसऱ्या खोलीत कुणीतरी हळूच चुरगाळावा, तसा आवाज. वर गेला, थांबला, पुन्हा आला. नंतर वाचलं, की धोका वाटला की मुंगळे जबडा आणि पोट लाकडावर आपटून बाकीच्यांना सावध करतात. म्हणजे मी दार वाजवलं होतं आणि आत पळापळ झाली होती.

मुंगळा हा काही आम्हाला नवा प्राणी नाही. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवली तेव्हापासून या गावाची पेठ गुळावर चालली. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. गुळाच्या गावात मुंगळ्याचं कौतुक ते काय? गुऱ्हाळावर काहिलीच्या कडेला, मार्केट यार्डात गुळाच्या रव्यांच्या थप्पीवर, एसटीत कुणाच्या तरी पिशवीला, सगळीकडं तो असतोच. चिकट माणसाला आपण मुंगळ्याचीच उपमा देतो. डोकं तुटेल पण चावा सोडणार नाही, हे लहानपणी प्रत्येकानं एकदा तरी स्वतःच्या अंगठ्यावर बघितलेलं असतं. पण तो गुळाला लागतो हे जेवढं पाठ, तेवढं तो लाकडाला लागतो हे माझ्या गावीही नव्हतं.

खरं तर तो लाकूड खातच नाही. वाळवी खाते, तिच्या पोटातले सूक्ष्मजीव लाकूड पचवून देतात. मुंगळ्याला ते पचत नाही. त्याला फक्त राहायला जागा हवी असते. मुंगळ्यांच्या जगभर हजारावर जाती आहेत. काही जमिनीत राहतात, काही झाडाच्या ढोलीत, काही लाकूड कोरून. कोरणारे जबड्यानं एकेक कण काढतात आणि बाहेर नेऊन टाकतात. इंग्रजीत त्यांना सुतार मुंगी म्हणतात. वाळवी नि मुंगी हे तर एकमेकांचे भाऊबंदही नव्हेत. वाळवी झुरळाच्या कुळातली, मुंगी गांधीलमाशीच्या.

हे सगळं मला कळलं ते साडेचार हजार रुपये घालवून झाल्यावर. कीड घालवणाऱ्या एका कंपनीचा माणूस आला, त्यानं चौकटीकडं लांबूनच बघितलं आणि म्हणाला, "वाळवी आहे सर." मी म्हटलं, माती कुठाय? "आतनं असतीय." त्यानं सोप्यातल्या फरशीच्या सांध्यांत ओळीनं भोकं पाडली, औषध सोडलं, पांढऱ्या सिमेंटनं भोकं बुजवली आणि पावती फाडली. आठवडाभर घराला रॉकेलसारखा वास. आईनं देवापुढच्या उदबत्त्या दुप्पट केल्या. नवव्या दिवशी भुसा चौकटीच्या उजव्या पायाशी पडायला लागला. डावीकडचा बंद झाला नव्हताच.

फोन केला तर तो म्हणाला, औषध लागू पडलंय, म्हणूनच ते हलले. त्यात खरं एवढंच होतं, की ते हलले होते. त्रास झाला की मुंगळे अंडी-पिल्लं तोंडात धरून बिऱ्हाड हलवतात. त्यांचा ठिय्याही एक नसतो. राणी आणि अंडी असलेलं मूळ घर एकीकडं, तर वाढत्या अळ्या आणि कोष सांभाळणारी दोन-चार उपघरं दुसरीकडं, अशी पद्धत काही जातींत असते. आमच्याकडच्या भावकीसारखंच. एका घरातनं हाकललं की दुसऱ्या घरी जाऊन बसायचं.

गल्लीतून सल्ले आले. दारात हळद, कापूर, मुंग्यांचा खडू, रॉकेलचा बोळा. समोरच्या काकूंनी वास्तुदोष काढला. मी सगळं केलं, वास्तू सोडून. खडूच्या रेघेपाशी मुंगळे थबकायचे, मिशा हलवायचे आणि चौकटीवरनं वर चढून रेघेच्या पलीकडं उतरायचे.

मग ठरवलं, आधी नुसतं बघायचं. मुंगळ्यांचा दिवस दिवेलागणीनंतर उजाडतो, हे लक्षात यायलाच चार रात्री गेल्या. बॅटरी मारली की ते बिचकत. गणपतीच्या आराशीतला लाल जिलेटीन कागद माळ्यावर होता, तो बॅटरीच्या तोंडाला रबरानं बांधला. लाल उजेड त्यांना जवळजवळ दिसत नाही. आता मला ते दिसत होते आणि मी त्यांना नव्हतो. सोप्यात सतरंजी टाकून पालथा पडलो होतो. बायको पाणी प्यायला उठली, मला बघितलं, काही न बोलता परत गेली.

साडेआठनंतर चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातल्या फटीतनं पहिला बाहेर येई. फटीच्या तोंडावर जरा थांबे, मिशा पुसे. मग दुसरा. सगळे सारखे नसत. काही बारीक, काही मध्यम, आणि मधूनच एखादा दांडगा, डोकं एवढं मोठं की त्याच्या वजनानं पुढं कलंडतोय असं वाटावं. ते वायरच्या पट्टीवरनं सरळ रांगेत भिंतीच्या माथ्यापर्यंत जात, तिथं कौलाखालच्या सापटीतनं बाहेर. मी परड्यात धावलो. बाहेरच्या भिंतीवरनं रांग खाली आली होती, भिंतीला टेकून रचलेल्या बंबफोडीच्या ढिगावरनं जास्वंदीवर आणि जास्वंदीला खेटलेल्या शेवग्यावर.

जास्वंदीच्या शेंड्यांना कापूस लागल्यासारखं पांढरं झालं होतं. आई वर्षभर ओरडत होती, गणपतीला धड फूल मिळत नाही म्हणून. ते पिठ्या ढेकूण. फांदीतला रस पिऊन ते गोड पाणी सोडतात, आणि मुंगळे त्यांच्यापाशी उभे राहून ते पितात. भिंगातनं बघितलं. मुंगळा मिशांनी एका ढेकणाच्या पाठीवर हलकेच थापटायचा, जरा वेळानं त्याच्या मागच्या टोकाला मोहरीएवढाही नाही असा थेंब यायचा, मुंगळा तो टिपायचा आणि पुढच्याकडं जायचा. धार काढल्यासारखं चाललं होतं. एका फांदीवर चित्रांग भुंगेरा बसला होता, ढेकणं खायला आलेला. दोघा दांडग्यांनी त्याला हुसकून लावला. मी मुंगळे मारायला बसलो होतो आणि त्यांच्या गोठ्याचं कौतुक बघत होतो.

सकाळी आईला सगळं सांगितलं आणि म्हटलं, आता विष घालतो. ती भाकरी थापत होती. हात थांबला.

"मी न्हाई घालू देणार."

"आई, चौकट पोखरली त्यांनी."

"तुझ्या बापाचं कुणी सांगितलं? त्यांनीच का न्हाई?"

ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत आहे, पण कुणी काढत नाही. १९९८ साली न्हाणीत मुंगळे यायला लागले होते. दोन-तीन नाही, मोरीच्या दगडावर काळा गालिचा. आई रोज पाणी ओतायची, ते रोज यायचे. शेवटी तिनंच आप्पांना म्हटलं, तुम्ही जाऊन आला की येतात, एकदा डॉक्टरला दाखवा. आप्पा चिडले. आप्पांना वर्षातनं एकदाही ताप नसायचा. गेले, तपासलं, साखर तीनशेच्या वर. चरकसंहितेत प्रमेहाची पूर्वलक्षणं दिली आहेत, त्यात रोग्याच्या शरीराकडं आणि मूत्राकडं मुंग्या येतात हेही आहे. आमच्या न्हाणीतल्यांनी ते प्रयोगशाळेच्या आधी सांगितलं. त्यानंतर आप्पा चोवीस वर्षं जगले, त्यातलं श्रेय आई कुणाकुणाला देते त्या यादीत मुंगळे आहेत. दर अमावास्येला ती परड्यात शेवग्याच्या बुंध्याशी चिमूटभर रवा-साखर ठेवते. म्हणजे मूळ घर कुठं असणार हे मला भिंगाशिवायही कळायला हवं होतं.

मी तिला न सांगता केलं. यात शौर्य काही नाही.

टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, गुजरीत सोनारांकडं असतो, दागिन्याचा सांधा जोडताना लागतो. पण मी महाद्वार रोडजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानातून आणला. गोड काय वापरायचं याचा विचार कोल्हापुरात करावा लागत नाही. काकवी. पहिल्या रात्री वाटीभर काकवीत दोन मोठे चमचे टाकणखार कालवला, बाटलीच्या टोपणांत ओतला आणि वाटेवर ठेवला. आले, चाटलं, काही तिथंच उताणे पडले. बाकीच्यांनी पुढच्या रात्रीपासून टोपणाला वळसा घातला. जहाल विषाचा हाच तोटा. जो पितो तो घरी पोचत नाही. आणि आपल्याला बाहेर दिसतात ते वसाहतीतले थोडेच असतात. खरं घर आत, राणीभोवती. राणी कधीच बाहेर येत नाही, तिला भरवायला लागतं.

हे भरवणंच त्यांच्या घराचं वर्म. मुंगळ्याला दोन पोटं. एक स्वतःचं, दुसरं सगळ्यांचं. बाहेरचं गोड तो आधी या दुसऱ्या पोटात साठवतो, घरी जातो, जो मागेल त्याच्या तोंडाला तोंड लावून थेंब देतो. तो पुढच्याला देतो. अळ्यांना, राणीला. म्हणून विष असं हवं, की पिणाऱ्याला चार-सहा दिवस काही झालं नाही पाहिजे. दुसऱ्या खेपेला काकवी निम्मं पाणी घालून पातळ केली आणि भरल्या वाटीला अर्धा चहाचा चमचा, जास्त नाही. मुलगी नि मांजर पोचणार नाही अशा जागी, वर पट्टीपाशी, टोपणं चिकटवली. जास्वंदीचे पांढरे शेंडे छाटून जाळले, राहिलेल्या फांद्या साबणाच्या पाण्यानं धुतल्या. गोठा बंद केल्याशिवाय ते दुसरीकडचं दूध कशाला पितील?

त्या रात्री टोपणाभोवती कडं झालं. मोजायला लागलो, चाळीसनंतर नाद सोडला. पोटं ताणून काळ्या पट्ट्यांमधली फिकट कातडी दिसायला लागेपर्यंत ते प्यायले. परत जाताना वाटेत समोरनं येणारा एक भेटला. दोघं थांबले. मिशांना मिशा लागल्या. भरलेल्यानं तोंड उघडलं, मध्ये काकवीचा एक थेंब चमकला, येणाऱ्यानं तो घेतला. तीन-चार सेकंद. मग दोघं आपापल्या वाटेनं. मी लाल बॅटरी बंद केली. ज्या घरात मागणाऱ्याला कुणी नाही म्हणत नाही, त्या घरात विष घालायला काहीच अक्कल लागत नाही, एवढं मात्र त्या अंधारात वाटून गेलं.

पाचव्या दिवशी आईनं विचारलं, "काकवी कुठं गेली रे?"

"पोरीनं खाल्ली असेल."

"पोरीला काकवी आवडत न्हाई."

ती पुढं बोलली नाही. मीही नाही.

दहा-बारा दिवसांत रांग विरळ झाली. पंधराव्या रात्री तिघं आले, एकजण चालताना बाजूला कलत होता. भुसा थांबला. मी मनातल्या मनात जिंकलो. आणि दोनच दिवसांनी संध्याकाळी वळीव आला. गारा, वीज गेली, मातीचा वास. वीज आली तशी ट्यूबलाइटभोवती पंखवाले. आई म्हणाली पाऊसकिडे. एक पकडून बघितला. कंबर बारीक, मिशा कोपरात वाकलेल्या, पुढचे पंख मागच्यांपेक्षा लांब. वाळवीच्या पंखवाल्यांचे चारही पंख सारखे असतात, मिशा सरळ आणि कंबर नसतेच. हे मुंगळ्यांचे नर आणि नव्या राण्या होत्या, आणि चौकटीच्या माथ्यावरच्या फटीतनं निघत होत्या. उडून, जोडी जमवून, राणी खाली उतरते आणि स्वतःचे पंख स्वतः गाळते. मग एका भोकात स्वतःला कोंडून घेते, आणि पहिली पिल्लं वाढवते ती काही न खाता, पंख हलवणारे स्नायू अंगातल्या अंगात जिरवून. हे मला फार मोठं वाटतं, पण त्या संध्याकाळी सुचली ती दुसरीच गोष्ट. पंखवाले निघायला वसाहत जुनी व्हावी लागते, काही वर्षं मुरलेली. म्हणजे हे होळीला आलेले पाहुणे नव्हते. आम्ही जेवत, भांडत, टीव्ही बघत होतो तेव्हा, कितीतरी वर्षं, ते त्या चौकटीत होते.

मे महिन्यात मंगळवार पेठेतल्या सुतारमामांना बोलावलं. साठीचे, कानाला पेन्सिल. चौकटीवर हातोडीच्या दांड्यानं वरनं खाली ठोकत आले. वर टण्‌, टण्‌. खाली दीड-दोन फुटांवर आवाज बदलला. "बद वाजतंय." पटाशीचं टोक नुसतं टेकवलं आणि तळहातानं दाबलं. उकडलेल्या रताळ्यात सुरी जावी तशी मुठीपर्यंत आत गेली. चॉकलेटी ऑईलपेंटचा पापुद्रा फुगा फुटल्यासारखा तडकला आणि ओलसर, आंबूस वास आला. जुन्या विहिरीचा वास.

आत लाकूड नव्हतंच म्हणायचं. होती ती पानं. वहीची पानं उभी धरावीत तशा लाकडाच्या पातळ, कडक पट्ट्या, मध्ये मोकळे बोळ. दरवर्षीच्या वाढीतला मऊ भाग त्यांनी कोरून काढला होता, कडक कडा तेवढ्या सोडल्या होत्या. आणि सगळं स्वच्छ. वाळवीच्या बोळात चिखल असतो, इथं बोट फिरवलं तर पॉलिश पेपर मारल्यासारखं गुळगुळीत. तळाशी पंधरा-वीस मेलेले मुंगळे आणि काही रिकाम्या पिशव्या. सुतारमामांनी एक पट्टी काढून उजेडात धरली.

"फिनिशिंग बघा की. आमच्या पोरान्ला जमत न्हाई हे."

मी म्हटलं, इंग्रजीत यांना सुतार मुंगी म्हणतात.

"म्हणंनात का. पण सुतार ओल्या लाकडाला हात घालत न्हाई." मग खाली बसून त्यांनी तो सगळा तुकडा बोटांनी चाचपला. "हा जोड हाय. वरचं मूळचं, गाभ्याचं सागवान. ह्येला काय झालेलं न्हाई. हे खालचं पांढरं लाकूड, सालीकडचं. २००५ च्या पुरानंतर बसवलं आसंल."

बरोबर होतं.

"तरीबी एवढं हुत न्हाई." त्यांनी रंगाचा पापुद्रा उलटा केला. आतनं तो ओला होता, मे महिन्यात. "ओलं आसताना रंग कुणी मारला?"

तर तो नंतरचा पूर. २०१९ चा ऑगस्ट. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. आमचं घर शुक्रवार पेठेत, रस्ता पंचगंगेकडं उतरायला लागतो त्या अंगाला. राधानगरी धरणाचे सातातले किती दरवाजे उघडले, हे पावसाळ्यात आमच्याकडं देवाचं नाव घेतल्यासारखं विचारतात. त्या खेपेला विचारायला वेळच मिळाला नाही. आम्ही राजारामपुरीत मावशीकडं. परत आलो तेव्हा सोप्यात कंबरेएवढी रेघ, फडताळात गाळ, आणि चौकट वरपासून खालपर्यंत दोन रंगांची, वर वाळलेली आणि खाली काळी.

बहिणीचा साखरपुडा नवरात्रात ठरला होता. तिच्या सासरकडची माणसं पहिल्यांदा घरात येणार. मला ती रेघ नको होती. भिंतींना चुना नि डिस्टेंपर मारला, आणि चौकटीसाठी ऑईलपेंटचा डबा आणला. आप्पा खुर्चीत बसून बघत होते. म्हणाले, "लाकूड पाणी प्यालंय. एक उन्हाळा बघू दे त्याला." मी म्हटलं, पाहुणे येईपर्यंत उन्हाळा कुठनं आणू? पहिला हात बसला नाही. खालच्या भागावर रंगाचे फोड आले, दुसऱ्या दिवशी सुटला. शहाण्या माणसाला तेवढ्यानं कळलं असतं. मी पापुद्रे खरवडले आणि दुसरा हात जाड मारला, मग तिसरा. चौकट आरशासारखी झाली. आप्पा म्हणाले, "बरं."

लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या खाली उतरली की बुरशी वाढत नाही. उघडी चौकट एका उन्हाळ्यात तिथं आली असती. मी तिला तिन्ही बाजूंनी रबरी कपडा घातला. चौथी बाजू भिंतीला, ती भिंतही प्यालेली. मग जुलै २०२१ ला पुन्हा पाणी आलं. खालच्या तोंडानं ते आत शिरलं आणि रंगानं ते पुन्हा आत कोंडलं. आप्पा २०२२ च्या थंडीत गेले. शेवटचे सहा महिने त्यांची कॉट सोप्यात होती, तोंड बरोबर त्या चौकटीकडं. त्यांना आवाज येत असेल का? रात्री त्यांना झोप नसायची. एकदा म्हणाले होते, घरात कोणतरी कागद फाडतंय. मी म्हटलं होतं, आप्पा, झोपा.

"कुणी मारला?" सुतारमामांनी पुन्हा विचारलं.

"पेंटरनं," मी म्हटलं.

आई माजघराच्या दारात उभी होती. "व्हय. पेंटरच हुता. पैसं न्हाईत घेतलं त्यानं."

सुतारमामांनी माझ्याकडं बघितलं, आईकडं बघितलं आणि करवत उचलली.

दोन्ही पायांचे दोन-दोन फुटांचे तुकडे कापले. गाभ्याच्या सागवानाचे नवे जोड बसवले आणि लाकूड फरशीवर टेकू नये म्हणून खाली काळ्या दगडाची चार बोटं बैठक दिली. ती त्यांचीच कल्पना. भिंतीतल्या पोकळीत कॅरमवर टाकतात ती बोरिक पावडर फुंकली. कौलाखालची गळती काढली, शेवग्याची छपराला टेकलेली फांदी तोडली, बंबफोडीचा ढीग भिंतीपासून हात-दोन हात लांब नेला. मजुरी घेताना म्हणाले, "ह्या चौकटीला रंग लावायचा न्हाई. उन्हाळा बघू दे. मग जवसाचं तेल द्या, बास."

पोखरलेले तुकडे मी टाकणार नव्हतो. मुलीला शाळेत न्यायचे होते. तिनं एक नेला. उरलेले आईनं बंबात घातले. म्हणाली, एका काडीत पेटतात, बंबफोडीला पण एवढं चांगलं लाकूड मिळत नाही.

चौकट अजून तशीच आहे. वर चॉकलेटी, खाली दोन फूट कोरी, पिवळी. दिवाळीला बायकोनं विषय काढला, संक्रांतीला बहिणीच्या सासूबाईंनी. येणाऱ्याजाणाऱ्याला मी पुराची रेघ म्हणून दाखवतो.

परवा रात्री पाणी प्यायला उठलो तर कोऱ्या लाकडावर एक मुंगळा. मोठ्या डोक्याचा, एकटाच. जोडावर थांबला, मिशांनी ती सांध्याची रेघ चाचपली, इकडून तिकडं, पुन्हा इकडं. मग खाली उतरला. मी बॅटरी घेतली. माजघर, स्वयंपाकघर, न्हाणीचा उंबरा. त्याच्यामागं मी वाकून, अनवाणी. आईच्या कॉटजवळून जाताना ती म्हणाली,

"कोण हाय?"

"मुंगळा."

"किती?"

"एकच."

"कुठं चाललाय?"

मी परड्याच्या दाराशी उजेड टाकला. तो फटीतनं बाहेर पडत होता, शेवग्याच्या बाजूला.

"परड्यात."

"मग कडी लावून ये," आई म्हणाली, "आणि काकवीच्या डब्याचं झाकण घट्ट हाय का बघ."